माहेरचा रकाना

"एकशे ब्याण्णव," वानखडे बाबू म्हणाले आणि त्यांनी लाल पेन्सिल कानावर खोचली.

प्रसूतिगृहाच्या ओसरीवर बाळंतपणाच्या नोंदींचं जाड रजिस्टर उघडं पडलं होतं. मी खाली बसून उकळून वाळवलेल्या फडक्यांच्या घड्या घालत होते. इंगोले डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. हातातला चहा त्यांनी प्यायलाच नव्हता.

सालभरात तीनशे अकरा बाळंतपणं झाली होती, आणि बाबूंच्या हिशेबानं त्यातल्या एकशे ब्याण्णव बायका बाहेरगावच्या होत्या. अर्ध्याहून बऱ्याच जास्त. बाबूंनी हे पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. ते सगळंच तसं सांगत. बावीस वर्षांत त्यांच्या आवाजात चढउतार ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी सरकार नवा कायदा करत होतं. नगरपालिकांच्या दवाखान्यांना गरीब रोग्यांच्या औषधपाण्याचा खर्च सरकार देणार होतं, पण गावच्या रहिवाशांपुरताच. बाहेरचा रोगी आला तर त्याच्या गावानं बघून घ्यावं. आणि जिथं अर्ध्याहून जास्त रोगी बाहेरचे, तो दवाखाना नगरपालिकेनं आपल्या हिमतीवर चालवावा, नाही तर बंद करून जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळवावा. बोराळ्याच्या नगरपालिकेची हिंमत किती होती ते रस्त्यावरचे दिवे सांगत होते. जिल्ह्याचा दवाखाना चौदा कोसांवर. मध्ये नदी, आणि नदीवरच्या पुलाचं काम माझं लग्न झालं तेव्हापासून सुरू होतं.

कायदा नागपूरच्या अधिवेशनात मंजूर व्हायचा होता. त्याआधी आमदारांची एक समिती गावोगाव फिरून लोकांचं म्हणणं ऐकत होती. आठ दिवसांनी ती बोराळ्यात येणार होती.

"म्हणजे आपलं दार बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी घडी हातातच धरून विचारलं, "बाहेरच्या म्हणजे कोण कोण वो बाबू?"

बाबूंनी दोनचार नावं वाचली. शोभा भाऊराव गावंडे, मुक्काम लोणी. मंदा श्रीकृष्ण उमाळे, मुक्काम देऊळघाट. मला हसूच आलं.

"शोभा बाहेरची? अवो, ते सुखदेव टेलरची तिसरी पोरगी. पायाळू जन्मली, याच खोलीत. मंदी तं माया समोर लहानाची मोठी झाली. पहिल्या बाळंतपणाले पोरगी माहेरी नाई येईन तं कुठं जाईन?"

"रजिस्टरात मुक्काम लोणी आहे," बाबू म्हणाले.

"पोरी आपल्या हायेत."

"असतील. रजिस्टरात मुक्काम लोणी आहे. आणि हे असं लिहायला मला कोणी सांगितलं, पंचफुलाबाई?"

सांगितलं होतं मीच.

बाबू नवे नवे आले तेव्हा ते पोरीच्या बापाचं गाव लिहीत. एकदा कुंभारपुऱ्यातल्या एका पोरीच्या बाळाचा दाखला सासरी गेला. त्यावर बोराळा वाचून सासू एसटीनं इथवर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून, नातू आमचा आन् गाव इच्या बापाचं कसं, म्हणून तासभर भांडली. तेवढ्यावर भागलं नाही. पोरीला पुढं वर्षभर माहेरचं तोंड बघू दिलं नाही. तेव्हा मीच बाबूंना म्हणाले होते, दिल्या घरची लेक, सासरचंच गाव लिहीत जा, पोरींचे हाल नका करू. बाबूंनी ते मनावर घेतलं आणि तेव्हापासून एकही चूक केली नाही.

नगराध्यक्ष गुलाबराव ढोणे यांनी दुसऱ्या दिवशी यावर तोड काढली. ते म्हणाले, रजिस्टर नवं लिहून काढा, जुनं वाळवीनं खाल्लं म्हणून सांगा. बाबूंनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की या रजिस्टरात आजवर खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही, आणि नगरपालिकेत वाळवीही नाही. डॉक्टरीणबाईंनीही नकार दिला. मग ढोणेसाहेबांनी हुकूम काढला, की समिती जाईपर्यंत बाहेरगावची बाई आत घ्यायची नाही. निदान शेवटचं पान तरी चांगलं दिसू द्या.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "रजिस्टर बदलायचं नाही. पण समितीला खरं काय ते सांगावं लागेल. कोण कुणाची लेक हे कागदावर कुठंच नाही, फुलाबाई. कुणाला माहीत असेल?"

"मले," मी म्हणाले.

यात फुशारकी नव्हती. मी त्या दवाखान्यात आया म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची विधवा होते, आणि आता माझं सत्तेचाळिसावं सुरू होतं. ज्या घरांत मला पाणी लांबून मिळे त्या घरच्या पोरीही माझ्याच हातावर आल्या होत्या. मला अक्षर येत नव्हतं. ज्याला लिहिता येत नाही त्याला लक्षात ठेवावं लागतं, एवढंच.

समिती येण्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, द्वारका आली.

डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या. फाटकाशी शिपाई कुणाला तरी हटकत होता म्हणून मी बाहेर आले. एक पोरगी फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून वाकली होती. केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले. जिनिंग फॅक्टरीतून चालत आली होती. शिपाई तिला सांगत होता, की हुकूम आहे, बाहेरच्यांना घेत नाहीत, चारची एसटी पकड आणि जिल्ह्याला जा.

तिनं मान वर केली आणि मला विचारलं, "चार कवा वाजतीन?"

तिची अवस्था पाहून मला कळलं, की चार वाजेपर्यंत थांबणारं हे काम नाही. मी शिपायाला बाजूला केलं. तो म्हणाला, मावशी, तुझी नोकरी जाईन. मी म्हटलं, तुझी नाई जात, तू बिडी पी. मी तिला काखेत हात घालून आत आणलं. तासाभरात मुलगी झाली. लहानगी होती, पण रडण्याचा आवाज मोठा.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बाळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात धुवायला गेल्या.

बाबू रजिस्टर घेऊन खाटेपाशी आले. नाव विचारलं. द्वारका. वय? एकोणीस असेल, ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. ते कोणी घेत नसे, बाबू अशा वेळी शेजारच्या बाईला विचारत. इथं शेजारची बाई नव्हती. नवरा तिला मजुरांच्या टोळीबरोबर फॅक्टरीत घेऊन आला आणि पहिल्याच आठवड्यात मुकादमाशी भांडून निघून गेला तो परतला नव्हता.

"सासरचं गाव?"

"तिकडं घेत नाईत मले."

"मग माहेर?"

"मामानं वाढोलं. मामा मेला. मामी म्हणे, तुयं इथं काई नाई."

"गाव काहीतरी लिहावं लागेल बाई. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

तिनं बराच विचार केला. बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "गाव नाई मले."

बाबू पेन धरून उभे राहिले. शेवटी त्यांनी शाईचं पेन खिशाला लावलं, नवऱ्याच्या नावासारखा तो रकानाही तसाच सोडला आणि कडेला पेन्सिलीनं बारीकशी फुली केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी ढोणेसाहेबांचा निरोप आला. ही बाई परवा सकाळच्या आत दवाखान्यातून गेली पाहिजे, नाही तर आयाला घरी बसवू. डॉक्टरीणबाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, की ओल्या बाळंतिणीला मी हलवणार नाही. पण त्यांचा अधिकार खाटेपुरता, माझी नोकरी ढोणेसाहेबांच्या हातात.

द्वारकेनं हे सगळं ऐकलं होतं. मी तिला शेक द्यायला बसले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मी परवा जातो. तुमी बोलणं नका खाऊ."

"कुठं जाशीन?"

तिनं बाळाला जवळ ओढलं.

समितीची बैठक नगरपालिकेच्या सभागृहात होती. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाण्याचे गलास. सहासात आमदार बसले होते. मधोमध समितीचे अध्यक्ष, पिकल्या मिशांचे म्हातारे गृहस्थ. त्यांच्या शेजारी मुंबईहून आलेला एक सडपातळ अधिकारी, त्याच्यापुढं आमचं रजिस्टर. मागच्या खुर्च्यांवर ढोणेसाहेब आणि नगरसेवक. बाबू कडेला कागद सांभाळत उभे.

डॉक्टरीणबाईंनी आधी म्हणणं मांडलं. अधिकारी म्हणाला, की आपली भावना समजते, पण कायदा नोंदीवर चालतो, आणि नोंदीप्रमाणं हा दवाखाना बाहेरच्यांसाठी चालतो. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मी उठून उभी राहिले. खुर्ची दिली होती, पण बसायचं सुचलं नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, इथं जे सांगाल ते विधानसभेपुढं सांगितल्यासारखं आहे. खोटं निघालं तर नोकरीवर येईल. समजलं ना?"

मी मान हलवली. नोकरीशिवाय माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच, त्यामुळं समजायला सोपं होतं.

अधिकाऱ्यानं मधलंच एक पान उघडलं. त्याला वाटलं असावं, बाई दोनतीन नावांत अडखळेल.

"कमल विश्वनाथ घाटे, मुक्काम चिंचोली."

"तेलीपुऱ्यातल्या रामकृष्ण लांडे यायची लेक. दोन नंबरची. मोठीचं बाळंतपण बी इथंच झालं."

"निर्मला प्रल्हाद सोळंके, मुक्काम शेगाव."

"शाळेतल्या जोशी मास्तरायच्या घरामागं राहते तिची माय. बाप टपालात होता."

"हलिमा शेख युसूफ, मुक्काम बाळापूर."

"मशिदीजवळच्या बांगडीवाल्या करीमभाईची. तिले दवाखान्यात आणतानी करीमभाईच जास्त रडत होता."

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यानं पान उलटलं.

"सुनंदा अशोक राऊत, मुक्काम नांदुरा."

"हे बाहेरचीच," मी म्हणाले. "स्टँडवर कळा सुरू झाल्या. गाडी सोडून लोकायनं खाटेवर घालून आणलं."

त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. मग तो सावकाश वाचू लागला, क्रमानं. पाऊण तास तो वाचत होता आणि मी सांगत होते. बाप कोण, घर कुठं, मायला काय म्हणतात. आणखी आठ बाहेरच्या निघाल्या, त्या बाहेरच्या म्हणून सांगितल्या. एका नावाशी मी थांबले.

"उज्ज्वला दिगंबर इंगळे, मुक्काम मेहकर. ही?"

"हे ढोणेसायबायची धाकटी. ते मांगंच बसले हायेत, त्यायलेच इचारा."

सगळ्यांनी वळून मागं पाहिलं. ढोणेसाहेबांनी घसा साफ केला. समितीचे अध्यक्ष मिशीत हसले आणि म्हणाले, "काय हो नगराध्यक्ष, तुमची लेक बाहेरची झाली की."

ढोणेसाहेबांनी टोपी सारखी केली. आपल्या लेकीच्या बाळंतपणात ते रात्रभर याच ओसरीवर फेऱ्या मारत होते, आणि ते पाहणारी मी होते. कदाचित तेही त्यांना आठवलं असेल.

अध्यक्षांनी हात वर केला. पुरे, ते म्हणाले, मला कळलं. आपल्याकडं बाई बाळंतपणाला माहेरी येते हे मुंबईत कलम लिहिणाऱ्यांना सुचलं नाही आणि आपणही ते वाचून माना हलवल्या. मलाही चार लेकी आहेत. पण अधिकारी शिस्तीचा माणूस होता. तो म्हणाला, शेवटचं पान राहिलंय. शेवटची एकच नोंद.

त्यानं रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं.

"द्वारका. नवऱ्याचं नाव नाही, गाव नाही. परवाची नोंद. ही कुणाची?"

मला ढोणेसाहेबांकडं बघायची गरज नव्हती. ही बाई बाहेरची, एवढं म्हटलं असतं तर खऱ्या बाहेरच्या नऊ होत्या त्या दहा झाल्या असत्या. दवाखान्याला काही धक्का नव्हता. आणि ते खरं होतं. सकाळपासून मी खरंच बोलत आले होते. पण मी निघाले तेव्हा ती पोरगी खाटेवर उठून बसली होती आणि बाळाला आपल्या फाटक्या पातळात बांधायला लागली होती.

"माई," मी म्हणाले.

अधिकाऱ्यानं रजिस्टरातून मान वर केली.

"तुमची म्हणजे?"

"माई लेक हाये साहेब. माहेरी आली हाये."

अध्यक्षांनी पुढ्यातला एक कागद उचलला. डॉक्टरीणबाईंनी माझी माहिती लिहून दिली होती तो. त्यांनी तो वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आवाज मऊच होता. "बाई, यात तर लिहिलंय की तुम्हाला मूलबाळ नाही."

मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"कारकून कोण आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबू पुढं आले. बगलेत माझं सर्व्हिस बुक होतं. त्या दिवशी ते सगळेच कागद घेऊन आले होते.

"काय नोंद आहे?"

बाबूंनी सर्व्हिस बुक उघडलं. पान शोधायची त्यांना गरज नसायची, तरी त्यांनी ते बराच वेळ शोधलं. मला माझ्या पायांखालची फरशी दिसत होती. बाबू खोटं लिहीत नाहीत, खोटं वाचत नाहीत, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं.

"अपत्य नाही, अशी नोंद आहे," ते म्हणाले. त्याच सपाट आवाजात. मग त्यांनी बुक मिटलं. "हे मीच लिहिलेलं आहे. लिहिताना नजरचुकीनं राहून गेलं असावं."

अधिकारी म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट?"

"होते चूक, साहेब," बाबू म्हणाले. "माणूस आहे."

अध्यक्ष बाबूंकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मग त्यांनी अधिकाऱ्याच्या पुढ्यातलं रजिस्टर स्वतःच्या हातानं बंद केलं आणि समिती जेवायला उठतेय असं सांगितलं.

मी परत आले तेव्हा द्वारका दारापर्यंत पोचली होती. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात गाठोडं. भिंत धरून उभी.

"कुठं निघाली?" मी विचारलं.

"जातो म्हटलं होतं ना मावशी."

"आत हो. सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नसते." ती हललीच नाही म्हणून मी गाठोडं तिच्या हातातून घेतलं. "आमदारायपुढं सांगून आली मी, माई लेक माहेरी आली हाये म्हणून. आता तू गेली तं मी खोटी पडीन. नोकरी बी जाईन."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चेष्टा करतेय की रागावलेय हे तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मग बाळ रडलं आणि आम्हा दोघींनाही काम मिळालं.

सव्वा महिना झाला तशी मी तिला चोळीबांगडी केली. ती फॅक्टरीत परत गेली, पण झोपायला माझ्याकडं येऊ लागली. हंगाम संपला, टोळी गेली, ती राहिली. भीमजयंतीला लेकींना माहेरी आणतात, तर माझी घरातच होती. पुढं तिनं स्वतःच्या मर्जीनं दुसरं लग्न केलं, रेल्वे फाटकावरच्या गँगमनशी, आणि दुसऱ्या बाळंतपणाला रीतसर पेटी घेऊन माहेरी आली. येतानाच तिनं मला सुनावलं, की आई, आमच्या शेजारणीला माहेरी डिंकाचे लाडू करतात, तू काय मला नुसत्या भाकरीवर भागवते का. भांडायला लागली म्हणजे लेक झाली, असं मी त्या दिवशी समजले.

दवाखाना बंद झाला नाही. कायद्यात एक ओळ वाढली, की बाळंतपणापुरतं बाईचं माहेर हेही तिच्या राहण्याचं गाव धरावं. नव्या रजिस्टरात त्यासाठी एक जादा रकाना छापून आला. बाबूंनी तो पाच वर्षं भरला आणि मग ते वारले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एक शब्दही कधी बोललो नाही. सभागृहातून बाहेर पडताना मी त्यांच्याकडं पाहिलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, पंचफुलाबाई, उद्या ओसरीवर फिनेल मारून घ्या.

मी निवृत्त झाले तोवर मला वाचता येऊ लागलं होतं. द्वारकेच्या थोरलीबरोबर तिच्याच पाटीवर शिकले होते. ती अ काढी, मी अ काढी, तिचा आधी चांगला येई. शेवटच्या दिवशी मी नव्या कारकुनाला म्हटलं, मला एक जुनं रजिस्टर बघायचं आहे. द्वारका सोबत होती, बाहेर बाकावर बसली.

पान सापडायला वेळ लागला. तारीख मला पाठ होती, पण आकडे वाचायची सवय नव्हती. मग ती नोंद दिसली. पेन्सिलीची फुली खोडरबरानं पुसल्याचा डाग होता. रिकाम्या रकान्यात बाबूंच्या गोल, सरळ अक्षरांत शाईनं लिहिलं होतं. मी बोट ठेवून एकेक अक्षर जोडत गेले.

माहेर बोराळा. घर पंचफुला तायडे यांचे.

खाली सही आणि तारीख होती. समिती आली त्या दिवसाची.

मी रजिस्टर मिटून परत दिलं आणि बाहेर आले. द्वारका उठून उभी राहिली. पदरानं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

"वाचता आलं का?"

"आलं."

"काय लिवलं हाये?"

"तुयं गाव लिवलं हाये," मी म्हणाले.